बाधित संगणकाचा माग : स्थानिक नेटवर्कमधील पुरावा आणि अनुमान

रोग्याच्या प्रकृतीची चौकशी प्रथम रोग्यापाशीच करावी, हा वैद्यकातील सर्वमान्य संकेत आहे. संगणकाच्या बाबतीत हा संकेत पाळून चालत नाही. ज्या संगणकात विषाणूने ठाण मांडले आहे, तो स्वतःविषयी जी साक्ष देतो ती विषाणूच्या संमतीनेच दिलेली असते. नोव्हेंबर २००८ मध्ये प्रथम आढळलेल्या ‘कॉन्फिकर’ने बाधित संगणकावरील विंडोज प्रणालीची स्वयंदुरुस्तीची सेवा बंद पाडली आणि विषाणू-प्रतिबंधक कंपन्यांच्या संकेतस्थळांकडे जाणारा मार्गही अडवून ठेवला. असा संगणक वापरणाऱ्यास बहुधा काहीही वावगे दिसत नसे. दिसलेच तर इतकेच, की काही विशिष्ट स्थळे उघडत नाहीत.

यास्तव एखाद्या संस्थेतील शेकडो संगणकांपैकी बाधित कोणते हे ठरवावयाचे झाल्यास साक्षीदार त्या संगणकाबाहेर शोधावे लागतात. असे साक्षीदार स्थानिक नेटवर्कमध्ये पुष्कळ असतात : स्विच, राऊटर, पत्ते वाटणारा सर्व्हर, नावांची उकल करणारा सर्व्हर आणि शेजारचे इतर संगणक. त्यांच्या साक्षींवरून निष्कर्ष कसा काढावा, आणि तो काढताना कोठे थांबावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. विषाणू आणि कृमी

व्यवहारात सर्वच उपद्रवी आज्ञावलींस ‘व्हायरस’ म्हणण्याची रूढी आहे. काटेकोर अर्थाने विषाणू हा दुसऱ्या आज्ञावलीस चिकटून राहतो व ती चालविली गेली म्हणजे पसरतो; कृमी, म्हणजे ‘वर्म’, हा कोणाच्याही मदतीवाचून नेटवर्कमधून एका संगणकातून दुसऱ्यात शिरतो. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला कृमी हे या दुसऱ्या प्रकाराचे पहिले सर्वश्रुत उदाहरण होय. त्यानंतर त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात अशा आपत्तींच्या निवारणासाठी पहिले समन्वय-केंद्र स्थापन करण्यात आले.

कृमीच्या प्रसाराचा वेग हा या प्रश्नाचा गाभा आहे. २५ जानेवारी २००३ रोजी पसरलेला ‘स्लॅमर’ हा अवघ्या ३७६ बाइटांचा होता. पहिल्या मिनिटात बाधित संगणकांची संख्या सुमारे साडेआठ सेकंदांत दुप्पट होत होती, आणि बाधा होऊ शकेल अशा संगणकांपैकी सुमारे ९० टक्के संगणक दहा मिनिटांत बाधित झाले. ज्या दोषाचा त्याने लाभ घेतला त्याची दुरुस्ती जुलै २००२ मध्येच उपलब्ध झालेली होती. दुरुस्ती उपलब्ध असणे आणि ती प्रत्येक संगणकावर बसविलेली असणे यांतील अंतर हेच अशा आज्ञावलींचे वसतिस्थान असते. संस्थेच्या नेटवर्कमध्ये दुरुस्ती न झालेला एक संगणक राहून गेला, तरी सर्व साफसफाईनंतर तोच पुन्हा उगम ठरू शकतो. शोध कसून करावा लागतो तो याचसाठी.

२. वर्तनाची लक्षणे

नैयायिकांच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथील सर्व ज्ञान अनुमानाचे आहे. पर्वतावर धूर दिसतो. त्यावरून अग्नीचे अनुमान होते. संगणकातील कृमी दिसत नाही. दिसतो तो नेटवर्कवरील त्याचा धूर. हा धूर मुख्यतः तीन प्रकारचा असतो.

पहिला प्रकार अस्तित्वात नसलेल्यांचा शोध घेण्याचा. कृमीस पुढचे भक्ष्य कोठे आहे हे ठाऊक नसते. म्हणून तो पत्त्यांमागून पत्ते चाचपीत जातो. स्थानिक नेटवर्कमध्ये एखाद्या आयपी पत्त्याशी बोलण्यापूर्वी संगणकास त्या पत्त्याच्या धन्याचा मॅक पत्ता विचारावा लागतो. १९८२ मध्ये निश्चित झालेल्या ‘एआरपी’ या पद्धतीनुसार हा प्रश्न नेटवर्कच्या त्या विभागातील सर्वांस ऐकू जाईल असा मोठ्याने विचारला जातो. २५४ पत्त्यांच्या विभागात साठच संगणक असतील, तर सर्व पत्ते चाचपणाऱ्या यंत्राच्या सुमारे दोनशे हाका अनुत्तरित राहतात. नेहमीच्या कामात छपाईयंत्र, एखादा सर्व्हर आणि राऊटर यांपलीकडे सहसा कोणी कोणास हाक मारीत नाही. त्यामुळे अशा अनुत्तरित हाकांची गणना हे अल्पखर्चाचे पण मोलाचे साधन ठरते.

याच तत्त्वाचा विस्तार म्हणजे पडीक पत्त्यांवर पहारा ठेवणे. जो पत्ता कोणासही दिलेला नाही, त्याच्याकडे प्रामाणिक व्यवहार जाण्याचे कारण नसते. तेथे एखादे पॅकेट पोहोचले तर ते चुकून आले असेल किंवा कोणी चाचपणी करीत असेल. अशा पत्त्यावर मुद्दाम एक निरुपद्रवी यंत्र बसवून ठेवल्यास दार ठोठावणाऱ्यांची नोंद आपोआप होते.

दुसरा प्रकार नावांच्या चौकशीचा. कृमीस आपल्या चालकाकडून आज्ञा घ्यावयाच्या असतात. कॉन्फिकरच्या आरंभीच्या आवृत्त्या त्यासाठी रोज त्या दिवसाच्या तारखेवरून २५० नवी नावे रचीत आणि ती एकामागून एक शोधीत. पुढील आवृत्तीत १ एप्रिल २००९ पासून रोज ५०,००० नावे रचून त्यांपैकी ५०० शोधण्याची योजना होती. यांतील बहुतेक नावे कोणीच नोंदविलेली नसल्याने नामसेवेच्या सर्व्हरकडून ‘असे नाव नाही’ हेच उत्तर येई. एकाच संगणकास अल्पावधीत शेकडो वेळा हे उत्तर मिळाल्याची नोंद सर्व्हरच्या लॉगमध्ये आढळली, तर ती संशयास पुरेशी असते. नावे रचण्याची कृती उकलल्यावर संशोधकांनी त्यांतील बरीच नावे आधीच नोंदवून आपल्या ताब्यात घेतली. त्यामुळे आज्ञा मागावयास आलेले बाधित संगणक चालकाऐवजी संशोधकांच्या दारात येऊन उभे राहिले.

तिसरा प्रकार नियमितपणाचा. मनुष्य अनियमितपणे काम करतो. तो जेवावयास जातो, रात्री झोपतो. जो संगणक मध्यरात्रीही दर दहा मिनिटांनी एकाच अनोळखी पत्त्याशी अल्पसे संभाषण करतो, त्याच्यामागे मनुष्य नसून यंत्रणा आहे. ती यंत्रणा उपद्रवी आहे की एखाद्या निरुपद्रवी आज्ञावलीची नित्याची चौकशी आहे, हे मात्र एवढ्यावरून ठरत नाही.

येथेच अनुमानातील दोषाचा विचार करावा लागतो. जो हेतू साध्य नसलेल्या ठिकाणीही आढळतो, त्यास न्यायशास्त्रात सव्यभिचार म्हणतात. संस्थेतील यंत्रांची मोजदाद करणारा सर्व्हरही सर्व पत्ते चाचपीत जातो; नवे छपाईयंत्र शोधणारी आज्ञावलीही तसेच करते. धूर नाही म्हणून अग्नी नाही, हाही निष्कर्ष खरा नव्हे. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. तद्वत चाचपणी न करता निमूटपणे माहिती चोरणारी आज्ञावली उपर्युक्त पहिल्या परीक्षेत कधीच सापडत नाही.

३. बॉन येथील शोध

लक्षण कितीही ढोबळ असले तरी त्यावरून संशयच निर्माण होतो. निर्णायक म्हणता येईल असे लक्षण क्वचितच हाती येते. मार्च २००९ च्या अखेरीस असे एक लक्षण जर्मनीतील बॉन विद्यापीठाचे फेलिक्स लेडर आणि टिलमन वेर्नर या दोघा संशोधकांस सापडले. त्याची हकीकत उद्बोधक आहे.

कॉन्फिकर विंडोजमधील ज्या दोषातून आत शिरत असे, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने २३ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध केली होती. आत शिरल्यावर कॉन्फिकर हा दोष स्वतःच बुजवून टाकी, जेणेकरून दुसऱ्या कोणा उपद्रवी आज्ञावलीस त्याच वाटेने येता येऊ नये. मात्र स्वतःच्या नव्या आवृत्तीस आत घेता यावे म्हणून एक फट तो शिल्लक ठेवी. बाहेरून पाहणाऱ्यास असा संगणक प्रथमदर्शनी दुरुस्त झालेलाच वाटे. उपर्युक्त संशोधकांच्या ध्यानात असे आले की कॉन्फिकरने केलेली दुरुस्ती मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्तीहून वेगळी आहे. विशिष्ट रीतीने रचलेली एक विनंती ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर पाठविली असता दोष असलेला संगणक एक उत्तर देई, मायक्रोसॉफ्टने दुरुस्त केलेला दुसरे, आणि कॉन्फिकरने बाधित झालेला तिसरेच.

चोराने आपल्यामागे दाराला कुलूप लावून घ्यावे आणि त्या निराळ्या कुलपावरूनच तो कोणत्या घरात आहे हे कळावे, असा हा प्रकार होता. संगणकात प्रवेश न करता, वापरणाऱ्यास न उठविता, संस्थेतील यंत्रे एकामागून एक तपासण्याची सोय त्यामुळे झाली. डॅन कामिन्स्की यांच्या साहाय्याने ही परीक्षा थोड्याच दिवसांत ‘एनमॅप’सारख्या प्रचलित तपासणी-साधनांत समाविष्ट झाली. १ एप्रिलची मुदत समोर असताना या त्वरेचे महत्त्व विशेष होते.

या शोधाचे मर्म असे की बाधित संगणकाची साक्ष अविश्वसनीय असली तरी त्याची प्रतिक्रिया उपयुक्त ठरू शकते. विषाणू काय सांगावे हे ठरवू शकतो. परंतु अनपेक्षित प्रश्नास आपण नेमके कसे उत्तर देतो याचा प्रत्येक तपशील त्याच्या कर्त्याने योजलेला असतोच असे नाही. अर्थात हे लक्षण एका कृमीपुरते आणि त्याच्या त्या काळच्या आवृत्त्यांपुरतेच होते. ज्याची ओळख अद्याप पटलेली नाही अशा कृमीसाठी वर्तनाच्या सर्वसाधारण लक्षणांकडेच वळावे लागते.

४. किती पुरावा पुरेसा

एखाद्या संगणकाचे किती प्रयत्न निष्फळ ठरल्यावर त्यास बाधित मानावे? फार लवकर निर्णय दिल्यास निरपराध यंत्रे अडकतात. फार उशीर केल्यास कृमी पसरून जातो. या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर युंग, पॅक्सन, बर्गर व बालकृष्णन यांनी २००४ मध्ये दिले. त्याचा पाया अब्राहम वाल्ड यांच्या क्रमिक परीक्षणाच्या सिद्धान्तात आहे. या थोर संख्याशास्त्रज्ञाने तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मांडला. भारतातील व्याख्यान-दौऱ्यावर असताना डिसेंबर १९५० मध्ये निलगिरी पर्वतातील विमान-अपघातात त्याचा अंत झाला.

कल्पना सोपी आहे. निर्दोष संगणकाचा एखाद्या नव्या पत्त्याशी संपर्काचा प्रयत्न सफल होण्याची संभाव्यता ०.८ आणि चाचपणी करणाऱ्याची ०.२ धरू. मग प्रत्येक निष्फळ प्रयत्नानंतर ‘बाधित’ या पक्षाचे वजन ०.८ भागिले ०.२, म्हणजे चौपट होते; प्रत्येक सफल प्रयत्नानंतर ते चतुर्थांश होते. निरपराधास दोषी ठरविण्याची शक्यता शंभरात एक, आणि दोषी हाती लागण्याची शंभरात नव्व्याण्णव हवी असेल, तर हे वजन ९९ च्या वर जाताच संगणकास संशयित ठरवावे आणि सुमारे ०.०१ च्या खाली जाताच निर्दोष मानावे. लागोपाठ तीन अपयशांनी वजन ६४ होते, चौथ्याने २५६. म्हणजे चार सलग अपयशे पुरेशी ठरतात. तसेच चार सलग यशे मुक्ततेस पुरेशी होतात. संमिश्र अनुभव आल्यास परीक्षा पुढे चालू राहते. ठरावीक संख्येची वाट न पाहता पुरावा पुरेसा होताच थांबावे, हे या रीतीचे सार होय.

५. विरळ रोगाचे गणित

तथापि शंभरात एक एवढाच प्रमाद करणारी परीक्षा उत्तम आहे, असे मानून स्वस्थ बसता येत नाही. एका विद्यापीठात २,००० संगणक असून त्यांतील ४ बाधित आहेत असे समजू. उपर्युक्त परीक्षेत हे चारही बहुधा सापडतील. परंतु उरलेल्या १,९९६ निर्दोष संगणकांपैकी शंभरात एक या हिशेबाने सुमारे २० संगणकही संशयित ठरतील. एकूण २४ संशयितांत खरे बाधित ४, म्हणजे सहांत एक! बाधा जितकी विरळ, तितके खोट्या आरोपांचे प्रमाण अधिक. बेझच्या प्रमेयातून सरळ निघणारा हा परिणाम असून, घुसखोरी ओळखण्याच्या पद्धतींस तो कसा मर्यादा घालतो हे स्टेफान अक्सेलसन यांनी १९९९ मध्ये सप्रमाण दाखविले.

यावर उपाय एकच : पहिल्या परीक्षेत सापडलेल्यांची दुसऱ्या, स्वतंत्र स्वरूपाच्या परीक्षेने पडताळणी करणे. दुसरी परीक्षाही तितकीच अचूक असेल, तर दोन्हींत सापडलेला संगणक खरोखर बाधित असण्याची संभाव्यता शंभरात सुमारे ९५ इतकी वाढते. येथे ‘स्वतंत्र’ या शब्दास महत्त्व आहे. अनुत्तरित हाका आणि निष्फळ संपर्क ही दोन लक्षणे एकाच चाचपणीची दोन रूपे होत. मोजदाद करणारा निर्दोष सर्व्हर दोहोंतही सापडेल. याउलट अनुत्तरित हाका आणि अस्तित्वात नसलेल्या नावांची चौकशी ही दोन लक्षणे एकत्र आढळली, तर त्यांचे वजन खरोखर वाढते.

६. पत्त्यापासून यंत्रापर्यंत

लक्षण सापडले म्हणजे संगणक सापडला असे नव्हे. नोंदीत आढळतो तो पत्ता. आणि पत्ता म्हणजे यंत्र नव्हे. आयपी पत्ता बहुधा ‘डीएचसीपी’ सर्व्हरने ठरावीक मुदतीसाठी भाड्याने दिलेला असतो. सकाळी जो पत्ता एका प्रयोगशाळेतील संगणकाकडे होता, तोच सायंकाळी दुसऱ्याकडे असू शकतो. म्हणून पहिली पायरी अशी : त्या क्षणी हा पत्ता कोणत्या मॅक पत्त्यास दिलेला होता, हे भाड्याच्या नोंदीतून काढणे. दुसरी पायरी : तो मॅक पत्ता कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टवर दिसला, हे स्विचच्या कोष्टकातून काढणे. तिसरी पायरी : त्या पोर्टची केबल कोणत्या खोलीतील कोणत्या भिंतीपर्यंत जाते, हे जोडणीच्या आराखड्यातून काढणे. प्रत्यक्ष अनुभव असा, की आराखडा अद्ययावत नसल्यास बाकीचे सर्व शास्त्र शेवटच्या दहा मीटरांत अडून बसते.

वेळेच्या नोंदीतील चूक ही या मार्गावरील सर्वांत घातक चूक होय. बाहेरून आलेली तक्रार बहुधा आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत असते. १४ तारखेस रात्री ८ वाजून १० मिनिटे ही ती वेळ भारतीय प्रमाणवेळेप्रमाणे १५ तारखेस रात्री १ वाजून ४० मिनिटे होते. साडेपाच तासांचा हा फरक नजरेआड झाला, तर भाड्याच्या नोंदीतून निघणारे नाव भलत्याच यंत्राचे असते. भारतातील ‘सर्ट-इन’ या संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत संगणकांची घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या कालसेवेशी जुळविण्याची, नोंदी १८० दिवस जपून ठेवण्याची आणि विहित प्रकारच्या घटना सहा तासांत कळविण्याची अट घातली, तिचे महत्त्व या दृष्टीने ध्यानात येईल.

आणखी दोन अडचणी उल्लेखनीय आहेत. पुष्कळ संस्थांत शेकडो अंतर्गत पत्ते एकाच सार्वजनिक पत्त्यामागे दडलेले असतात. अशा वेळी बाहेरच्या तक्रारीत केवळ पत्ता असून भागत नाही, पोर्टचा क्रमांकही लागतो. तो नोंदवावा अशी शिफारस २०११ मध्ये करण्यात आली आहे. दुसरे असे, की अलीकडील भ्रमणध्वनी संच वायरलेस नेटवर्कवर खाजगीपणासाठी बनावट मॅक पत्ता धारण करतात. तेथे मॅक पत्त्यावरून यंत्र ओळखता येत नाही. नेटवर्कमध्ये प्रवेश करताना दिलेल्या वापरकर्त्याच्या नावाचाच आधार घ्यावा लागतो.

७. पृथक्करण आणि जबाबदारी

बाधित यंत्राची निश्चिती झाल्यावर त्यास नेटवर्कपासून अलग करणे हा सामान्य नियम होय. बहुधा स्विचचा पोर्ट बंद करून किंवा त्यास निराळ्या, बंदिस्त विभागात टाकून हे साधले जाते. परंतु हा नियमही डोळे झाकून पाळता येत नाही. १२ मे २०१७ रोजी पसरलेला ‘वॉनाक्राय’ हा कृमी फाइली कुलूपबंद करण्यापूर्वी एका विशिष्ट नावाच्या संकेतस्थळाशी संपर्क साधून पाही. संपर्क झाल्यास तो निष्क्रिय होई. ब्रिटिश संशोधक मार्कस हचिन्स यांनी ते नाव नोंदविल्यामुळे प्रसार ओसरला. ज्या व्यवस्थापकांनी मात्र हे नाव संशयास्पद समजून फायरवॉलमध्ये अडविले, त्यांनी कृमीस थांबविणारी खूणच त्याच्यापासून लपविली. योग्य रीत अशी होती की ते नाव खुले ठेवावे आणि त्याची चौकशी करणाऱ्या यंत्रांची यादी नामसेवेच्या लॉगमधून काढावी. त्या आपत्तीत इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतील सुमारे एक-तृतीयांश ट्रस्टांचे काम विस्कळीत झाले आणि हजारो रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. काही रुग्णालये तर बाधित नसूनही खबरदारी म्हणून आपली यंत्रणा बंद केल्यामुळे अडचणीत आली. तेव्हा अलग करण्याचीही किंमत असते. प्रयोगशाळेत अनेक दिवस चाललेला प्रयोग नोंदविणारा संगणक आणि वाचनालयातील सूची दाखविणारा संगणक यांची ती किंमत सारखी नसते, याचे भान निर्णय घेणाऱ्यास हवे.

शेवटी, यंत्र म्हणजे मनुष्य नव्हे. बाधित संगणक ज्याच्या मेजावर आहे तो या प्रकरणी बहुधा पीडित असतो, अपराधी नसतो. आणि सामायिक संगणकाच्या बाबतीत तर तो कोणाचा हा प्रश्नच निरर्थक ठरतो. शोधासाठी ठेवलेल्या नोंदींतून कोण केव्हा काय वाचतो हेही सहज कळू शकते. म्हणून कोणी कोणाशी, केव्हा व किती संभाषण केले एवढ्यापुरतीच नोंद ठेवावी, संभाषणाच्या आशयास हात लावू नये, आणि मुदत संपताच नोंदी नष्ट कराव्यात, हे धोरण श्रेयस्कर होय. बहुतेक व्यवहार आता सांकेतिक रूपात चालत असल्याने आशय तसाही दिसत नाही. वर विवरण केलेली बहुतेक लक्षणे मात्र आशयावाचूनच दिसतात.

सारांश, लक्षणापासून पत्ता, पत्त्यापासून यंत्र आणि यंत्रापासून व्यक्ती या मार्गातील प्रत्येक पायरी हे एक स्वतंत्र अनुमान आहे, आणि प्रत्येकाचा प्रमाद निराळा आहे. ज्या संस्थेत घड्याळे जुळलेली आहेत, भाड्याच्या नोंदी शाबूत आहेत आणि भिंतीवरील जोडणीचे क्रमांक आराखड्याशी जुळतात, तेथे हा मार्ग थोड्या मिनिटांत आक्रमिता येतो. ही तयारी आपत्तीच्या दिवशी करता येत नाही. ती आधीच्या शांत दिवसांतच करून ठेवावी लागते.